अमेरिकेत फॅमिली थेरपीचं प्रॅक्टिकम: तास, पात्रता, कागदपत्रं आणि सीपीटी

अमेरिकेत 'मॅरेज अँड फॅमिली थेरपी'चं मास्टर्स करताना प्रॅक्टिकम चुकत नाही. सुपरवायझरच्या देखरेखीखाली खऱ्या क्लायंटसोबत काम करायचं असतं. अर्ज भरायला बसण्याआधी तासांचा हिशेब समजून घ्या. कुठे अर्ज करायचा हे त्यावरच ठरतं.

या अभ्यासक्रमांना सीओएएमएफटीई ही संस्था मान्यता देते. तिच्या १२.५ आवृत्तीच्या निकषांनुसार थेट क्लायंटसोबतचे किमान ३०० तास लागतात आणि त्यातले १०० 'रिलेशनल' हवेत. रिलेशनल म्हणजे थेरपीबाहेरही एकमेकांशी नातं असलेली दोन किंवा जास्त माणसं, जसं जोडपं किंवा कुटुंब, सत्रात एकत्र असणं. एकच व्यक्ती तासभर घरच्यांबद्दल बोलली म्हणून तो तास यात धरत नाहीत. शिवाय १०० तास सुपरव्हिजन लागतं, आणि त्यातल्या ५० तासांत सुपरवायझरने तुमचं काम प्रत्यक्ष किंवा रेकॉर्डिंगवर पाहिलेलं किंवा ऐकलेलं असावं लागतं. काही विद्यापीठं याहून जास्त तास मागतात, तेव्हा आपल्या विभागाची प्रॅक्टिकम हँडबुक वाचाच.

म्हणून प्रॅक्टिकम जिथे करायचं त्या केंद्राच्या मुलाखतीत दोन प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे जोडपी आणि कुटुंबं किती येतात? क्लायंटच्या लेखी संमतीने सत्र रेकॉर्ड करता येतं का? नावाजलेल्या केंद्रात फक्त एकेकटे क्लायंट येत असतील, तर वर्ष सरेल आणि रिलेशनल तास अपुरे राहतील. माझ्या मते केंद्राच्या नावापेक्षा ही दोन उत्तरं महत्त्वाची.

पात्रता विद्यापीठ ठरवतं. साधारणपणे नीतिशास्त्र आणि थेरपीचे पायाभूत विषय पूर्ण असावे लागतात आणि प्राध्यापकांची संमती लागते. केंद्राकडे बायोडेटा, शिफारसपत्र, पार्श्वभूमी तपासणी, व्यावसायिक दायित्व विम्याचा पुरावा आणि गोपनीयतेच्या 'हिपा' कायद्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र मागतात. रुग्णालय असेल तर लसीकरणाच्या नोंदीही. विद्यापीठ आणि केंद्र यांच्यातला करार झालेला आहे ना, हे मात्र स्वतः विचारून घ्या. त्याला वेळ लागतो.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर पुढचा भाग नीट वाचा. कॅम्पसबाहेरच्या प्रॅक्टिकमसाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची, मंजुरी घ्यावी लागते. केंद्राचं पत्र (पत्ता, तारखा, आठवड्याचे तास) आणि विभागाची संमती घेऊन आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. तिथले डीएसओ (व्हिसाचं काम पाहणारे विद्यापीठाचे अधिकारी) मंजुरीची नोंद असलेला नवा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठीचा विद्यापीठाचा फॉर्म, देतात. तो हातात येईपर्यंत आणि त्यावरची तारीख उजाडेपर्यंत एकही सत्र घेऊ नका. काम बिनपगारी असलं तरी सीपीटी लागेल का, हे डीएसओंनाच विचारा. स्वतः अंदाज बांधू नका. सीपीटीसाठी सहसा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं लागतं. पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रशिक्षण लगेच सुरू करणं सक्तीचं असेल तर सूट मिळते. आठवड्याला २० तासांपर्यंतचं काम अर्धवेळ धरतात. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली, तर त्याच पातळीच्या पदवीवर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याची (सहसा पदवीनंतरची) परवानगी, मिळत नाही. पदवीनंतर लायसन्ससाठी सुपरव्हिजनखालचे तास भरायचे असतील, तर ओपीटी गमावणं फार महागात पडतं.

काम सुरू झालं की तासांची नोंद दर आठवड्याला करून सुपरवायझरची सही घ्या. महिनाअखेरीस सगळं आठवून लिहायला गेलं की रिलेशनल आणि वैयक्तिक तासांची सरमिसळ होते. नोंदीत क्लायंटचं नाव नको. सही केलेल्या प्रती स्वतःकडेही ठेवा: लायसन्सचे नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि राज्याचं बोर्ड हा तपशील मागू शकतं, तोवर सुपरवायझर नोकरी सोडून गेलेले असू शकतात.