वरच्या क्रेटलाच जास्त मार का बसतो?

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उघड्या गाडीच्या हौद्यात एकावर एक चढतात, रस्सीने आवळले जातात आणि माल लांबच्या बाजाराच्या वाटेला लागतो. उतरवताना सर्वांत खराब माल कुठे निघेल? तळाला, असंच कुणालाही वाटेल. पण क्रेट काठाच्या वर भरलेला नसेल, तर वरचं ओझं क्रेटच्या भिंती पेलतात, फळावर येत नाही. मार जास्त बसतो तो वरच्या क्रेटला, त्यातही गाडीच्या मागच्या टोकाला.

पाट्यांच्या, म्हणजे चाकांवर लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेल्या, गाडीचा हौदा रस्त्यावर सेकंदाला साधारण तीन-चार वेळा खालीवर होतो. क्रेटची थप्पीही आपल्या लयीत हलत असते. खालचे हादरे या लयीशी जुळले की वर जाताना ते वाढत जातात. हाच अनुनाद. वरच्या थरात हादऱ्याचा जोर गुरुत्वाकर्षणाहून जास्त झाला की टोमॅटो क्षणभर अधांतरी होतो, गोल फिरतो आणि शेजाऱ्यावर आदळतो. रात्रभर हेच चालतं. मागच्या चाकांच्या पलीकडे निघालेला हौद्याचा भाग सर्वांत जास्त उडतो. गाडी अर्धीच भरली असेल तर आणखी वाईट, कारण पूर्ण वजनासाठी बनवलेले पाटे हलक्या मालाखाली कडकच राहतात.

साल शाबूत असते, म्हणून बाजारात काही दिसत नाही. आत बियांभोवतीचा गर मात्र विस्कटलेला असतो. दुखावलेल्या पेशींचं श्वसन वाढतं, त्या इथिलीन वायू जास्त सोडतात आणि शेजारची फळंही लवकर पिकतात. दोन दिवसांनी घरात टोमॅटो मऊ पडला की बोल मात्र पिकवणाऱ्याला लागतो. हा अन्याय आहे.

यावर शीतगाडीचा सल्ला लगेच मिळतो. पण पाटे तेच असतील तर थंडीने हादरे कमी होत नाहीत. शिवाय कच्चा टोमॅटो १० अंश सेल्सिअसच्या खाली काही दिवस राहिला तर पुढे नीट पिकत नाही. त्याच्या सालीला रंध्रं नसतात, हवेची देवाणघेवाण मुख्यतः देठाच्या खळगीतून होते. त्यामुळे रात्रीच्या वाऱ्यात तो फारसा सुकत नाही, उलट श्वसनाची ऊब निघून जाते. माझ्या मते टोमॅटोसाठी आधी थप्पी घट्ट बांधणं आणि गाडीच्या पाट्यांकडे बघणं जास्त मोलाचं.

मेथीचं सगळंच उलट. पानं पातळ, रंध्रं असंख्य. वारा लागला की पाणी उडतं. वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं तरी जुडी मलूल दिसते. वाऱ्यापासून वाचवायला जुड्या दाबून रचाव्यात, तर श्वसनाची उष्णता ढिगाच्या मध्यात कोंडते आणि पानं पिवळी पडतात. वरून ओलं गोणपाट टाकण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. वारा गोणपाटातलं पाणी ओढतो आणि त्या बाष्पीभवनाने खालची पानं गार राहतात.

कांद्याला मात्र वारा हवाच. त्याची वाळलेली सालं आतलं पाणी राखतात; त्याला खरा धोका दमटपणाचा. लासलगावहून निघालेल्या गाडीवर ताडपत्री चारही बाजूंनी आवळली, की कांद्यातून निघणारी वाफ आत साठते, उन्हाने ऊब वाढते आणि सालींवर काळी बुरशी धरते. पाऊस नसताना ताडपत्रीच्या बाजू उचलून बांधल्या आणि गोण्यांच्या रांगांमध्ये थोडी फट ठेवली, तर धावत्या गाडीचा वारा ही वाफ बाहेर काढतो.