मर्चंट कॅटेगरी कोड

मर्चंट कॅटेगरी कोड, बोलताना नुसतं एमसीसी, म्हणजे कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला चिकटवलेला चार आकडी नंबर. ५४११ किराणा आणि सुपरमार्केट, ५८१२ रेस्टॉरंट, ५८१४ फास्ट फूड, ५९१२ औषधांचं दुकान, ५५४१ पेट्रोल पंप, ५९४४ सराफ, ८०६२ हॉस्पिटल, ४११२ रेल्वे, असा सगळा बाजार या यादीत बसवलाय. मोठ्या विमान कंपन्या, गाड्या भाड्याने देणारे आणि हॉटेल चेन यांना तर ३००० ते ३९९९ मधले स्वतःचे खास नंबर असतात. यादीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८२४५ या नावाने २००३ मध्ये आलं, तरी व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे नेटवर्क आपापली यादी ठेवतात आणि ती सगळीकडे अगदी तंतोतंत सारखी नसते.

बऱ्याच जणांना वाटतं की आपण काय घेतलं ते बघून बँक खर्चाचा प्रकार ठरवते. तसं नाहीये. कोड ठरतो दुकानदाराने स्वाइप मशीन किंवा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) घेतला त्या दिवशी, आणि देते त्याची बँक, आपली नाही. आपलं कार्ड काढणारी बँक तो फक्त वाचते. मशीनमधून निघणारा मेसेज आयएसओ ८५८३ या ठरलेल्या साच्यातला असतो, त्याच्या १८ व्या रकान्यात हा कोड असतो, आणि तुम्ही तांदूळ घेतला की कढई की शाळेची वही हे त्या मेसेजमध्ये सहसा नसतंच. म्हणून सुपरमार्केटमधून मिक्सर आणला तरी तो खर्च किराण्यातच पडतो, आणि हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवलात पण बिल हॉटेलच्या मशीनवर गेलं तर ते जेवण ७०११, म्हणजे मुक्काम.

खरी गंमत आपल्याकडच्या मिश्र दुकानांत. पुण्यातलं एखादं दुकान घ्या, जिथे सकाळी दूध, दुपारी बाकरवडी आणि संध्याकाळी केक विकला जातो. यादीत डेअरीला ५४५१, मिठाईला ५४४१, बेकरीला ५४६२ आणि किरकोळ खाद्यपदार्थांना ५४९९ असे चारही कोड आहेत, त्यातला कुठला लागेल हे अर्ज भरणाऱ्याने त्या दिवशी काय लिहिलं त्यावर. वर दुकानात दोन बँकांची दोन मशीनं असली तर एकाच गल्ल्यावर दोन वेगळे कोड निघू शकतात. साडीच्या दुकानाचंही तेच, कुठे ते कपड्यांचं ५६५१ असतं तर कुठे कापडाचं ५९४९.

हे जाणून घ्यायची धडपड का, तर पैसा. रिवॉर्ड पॉइंट, कॅशबॅक, पेट्रोलवरच्या सरचार्जची माफी, सगळं एमसीसीवर चालतं. इंटरचेंज, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून कार्डवाल्या बँकेला दर व्यवहारामागे मिळणारं शुल्क, तेही कोडप्रमाणे बदलतं, आणि जिथे ते कमी तिथे बँक पॉइंट द्यायला हात आखडता घेते. म्हणून कार्डांच्या अटींमध्ये वगळलेल्या खर्चांची यादी असते, त्यात सहसा इंधन, वॉलेट भरणं म्हणजे ६५४०, घरभाडं म्हणजे ६५१३, सरकारी भरणा म्हणजे ९३११ आणि ९३९९ असले प्रकार सापडतात. भाड्याचं उदाहरण बोलकं आहे. अॅपवरून ‘भाडं’ भरून पॉइंट कमावायचे आणि पैसे नातेवाइकाच्या खात्यातून परत घ्यायचे हा उद्योग वाढला, तेव्हा २०२२ च्या सुमारास बँकांनी भाड्यावर १ टक्का फी लावायला सुरुवात केली. एटीएममधून क्रेडिट कार्डने पैसे काढले तर कोड ६०११, आणि तिथे पॉइंट सोडाच, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू.

आता कोड शोधायचा कसा. चार्ज स्लिपवर तो सहसा छापत नाहीत, तिथे एमआयडी आणि टीआयडी, म्हणजे दुकानाचा आणि मशीनचा ओळख नंबर असतात, त्यांचा ग्राहकाला इथे उपयोग नाही. दुकानदाराला विचारून बघा, पण बहुतेकांना असा काही नंबर आहे हेच माहीत नसतं. सगळ्यात सोपा मार्ग क्यूआरचा. यूपीआयचा क्यूआर पेमेंट अॅपऐवजी मजकूर दाखवणाऱ्या साध्या स्कॅनरने वाचला की एक लांब ओळ दिसते, तिच्यात इंग्रजी एमसी ही दोन अक्षरं, पुढे बरोबरचं चिन्ह आणि मग चार आकडे, तोच कोड. तिथे चार शून्यं असली किंवा तो भागच नसला तर बहुधा तो दुकानाचा नाही, व्यक्तीचा क्यूआर आहे, आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असलं तरी व्यक्तीला पैसे पाठवायला ते चालत नाही. कार्डानेही पैसे घेणाऱ्या भारत क्यूआरची ओळ वेगळी असते, तिच्यात ५२०४ शोधायचं. ५२ हा रकान्याचा नंबर, ०४ ही लांबी, आणि त्यानंतरचे चार आकडे म्हणजे एमसीसी. मात्र हा कोड त्या क्यूआरचा झाला. शेजारी ठेवलेलं स्वाइप मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर त्याचा वेगळा असू शकतो.

मशीनसाठी मग जुनीच युक्ती, मोठी खरेदी करायच्या आधी तिथे छोटी रक्कम स्वाइप करायची आणि व्यवहार पक्का झाला की कस्टमर केअरला फोन करून त्या व्यवहाराचा एमसीसी विचारायचा. काही ठिकाणी लगेच सांगतात, काही ठिकाणी लेखी तक्रार टाकल्यावर. बँकेच्या अॅपमधल्या रंगीत खर्च-चार्टवर फार विसंबू नये, कारण त्यातले ‘शॉपिंग’, ‘लाइफस्टाइल’ हे गट बँकेने आपल्या सोयीने बनवलेले असतात, एकेका गटात ढीगभर कोड कोंबलेले असतात.

ऑनलाइन खरेदीत आणखी एक वळण आहे. मध्ये पेमेंट अॅग्रिगेटर (अनेक दुकानांसाठी पैसे गोळा करणारी कंपनी) किंवा वॉलेट आलं की कधी मूळ दुकानाचा कोड पुढे जातो, कधी मधल्याचा. मोठ्या ऑनलाइन बाजारांसाठी ५२६२ असा वेगळा कोडही आहे, त्यामुळे तिथून पुस्तक घेतलं म्हणून ते पुस्तकांच्या दुकानाच्या ५९४२ मध्ये पडेल असं नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हाच प्रश्न किराण्यात छळतो. ग्रोसरीवर जास्त कॅशबॅक देणारी तिथली बरीच कार्डं सुपरस्टोअर आणि होलसेल क्लब वगळतात, कॉस्टको होलसेल क्लबच्या ५३०० मध्ये पडतं, त्यामुळे तिथे भरलेली ट्रॉली किराण्याची असूनही किराणा धरली जात नाही. छोट्या इंडियन स्टोअरचं नशीब ५४११ की ५४९९ यावर.

कोड हे तिकडे राजकारणाचंही प्रकरण झालं. बंदुकांची दुकानं पूर्वी खेळाच्या सामानाच्या ५९४१ किंवा किरकोळच्या ५९९९ मध्ये खपून जायची. सप्टेंबर २०२२ मध्ये मानकं ठरवणाऱ्या आयएसओ या संस्थेने त्यांच्यासाठी वेगळा ५७२३ मंजूर केला, त्यावर एवढा गदारोळ झाला की मार्च २०२३ मध्ये कार्ड नेटवर्कांनी तो लागू करणं थांबवलं, नंतर काही राज्यांनी तो सक्तीचा करणारे तर काहींनी त्यावर बंदी घालणारे कायदे केले.

चुकीचा कोड लागला असेल तर ग्राहक स्वतः तो बदलू शकत नाही. आपली बँक सांगते की हे समोरच्या बँकेचं काम, आणि ते खरंच आहे. दुकानदाराने आपल्या बँकेकडे अर्ज करावा लागतो, आणि बदल झाला तरी तो पुढच्या व्यवहारांना, जुने पॉइंट त्याने मिळत नाहीत. दुकानदाराने मशीन बदललं किंवा दुसऱ्या बँकेकडे गेला की कोडही बदलू शकतो, तेव्हा मागच्या दिवाळीत तपासलेला नंबर या दिवाळीला परत बघावा लागतो.