मोगऱ्याला ओआरएस पाजू नका

परवा वहिनींनी उरलेलं ओआरएस मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. वर म्हणाल्या, "इलेक्ट्रोलाइट्स आहेत त्यात, वाया कशाला घालवायचं?" मला हसू आवरेना, कारण हाच संवाद एका विनोदी सिनेमाचा कणा आहे.

माइक जज यांचा 'इडिओक्रसी' (२००६). नायक पाचशे वर्षं झोपून २५०५ सालच्या अमेरिकेत उठतो, तर सगळी शेतं करपलेली. शेताला पाणी नाही, 'ब्रॉन्डो' नावाचं हिरवट एनर्जी ड्रिंक दिलं जातंय. का? त्यात इलेक्ट्रोलाइट्स आहेत म्हणून. इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे काय? ज्यापासून ब्रॉन्डो बनवतात ते! पाणी फक्त संडासात वापरायचं असतं, अशी सगळ्यांची खात्री.

गंमत अशी, की जाहिरात अर्धी खरी आहे. पाण्यात विरघळल्यावर ज्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, होतात ते इलेक्ट्रोलाइट. आपण पोटॅश टाकतो, तेही इलेक्ट्रोलाइटच. मग बिघडतं कुठे?

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून दहा मिनिटं थांबा. भांड्याच्या तळाशी पाणी साचतं. पेशीचं आवरण पाण्याला वाट देतं, मिठाला सहजासहजी नाही. त्यामुळे पाणी जिकडे क्षार जास्त तिकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. मूळ याच ओढीवर जगतं. त्याच्या आतला रस बाहेरच्या ओलाव्यापेक्षा दाट, म्हणून पाणी आत येतं. खेळाडूंच्या पेयात साखर सुमारे ६ टक्के, शिवाय सोडियम. त्याचा परासरण दाब, म्हणजे पाणी ओढण्याचा जोर, भरतो साधारण ८ बार (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा). दाब विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतो, म्हणून ऊन लागून मातीतलं निम्मं पाणी उडालं की तो दुप्पट, १६ बार. पाणी ओढून घ्यायला साधारण १५ बारच्या वर जोर लागायला लागला, की बहुतेक पिकं कोमेजतात ती पुन्हा उठत नाहीत. माती ओली, तरी रोप तहानलेलं. साखर जिवाणू खाऊन टाकतात (आणि त्या भरात मुळांचा प्राणवायूही संपवतात), पण मीठ कुणी खात नाही. ते दर पाळीला साठत जातं.

सोडियमची दुसरी खोडी मातीशी. कॅल्शियमचे दुहेरी भाराचे आयन चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतात. सोडियमवर भार एकच आणि भोवती पाण्याचं मोठं कडं. त्याने ती जागा बळकावली की कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात. ओली असताना चिकट, वाळली की दगड. आपल्याकडे हिला चोपण जमीन म्हणतात. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात पाट वाहते ठेवून आणि निचरा न करून आपण ब्रॉन्डोशिवायच जमिनी क्षारपड केल्या आहेत. उपाय म्हणजे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम, आणि सुटलेलं सोडियम वाहून न्यायला चर. सिनेमात नुसतं पाणी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत कोंब फुटतात. तेवढं मात्र सोपं नाही.

हल्ली बाटलीवर 'इलेक्ट्रोलाइट' छापलं की किंमत वाढते. जुलाब झालेल्या बाळाला ते मीठ-साखरेचं पाणी जीवदान देतं. एसीत बसून फाइल चाळणाऱ्याला वरण-भातातलं मीठ पुरतं.

मोगऱ्याच्या कुंडीत मी त्याच संध्याकाळी तीन बादल्या पाणी ओतलं, खालच्या भोकातून वाहून जाऊ दिलं. वहिनी गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं पाणी? कुजेल ना ते!"