खिशातलं रिव्हॉल्व्हर आणि न्यूटनची वसुली

शस्त्र जेवढं लहान तेवढं ते चालवायला सोपं, ही समजूत फार घट्ट रुजलेली आहे. तिला खतपाणी घातलं ते सिनेमाने. नायिकेच्या पर्समधून इवलंसं रिव्हॉल्व्हर निघतं, ‘ठो’ होतं आणि धिप्पाड खलनायक हातभर मागे उडून भिंतीवर आदळतो. नायिकेच्या मनगटाला मात्र साधा झटकाही बसत नाही. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्राचे नियम एवढ्या सरळसरळ मोडलेले क्वचितच पाहायला मिळतात.

खलनायकाचा हिशेब आधी उरकून टाकू. अशा रिव्हॉल्व्हरमधून सुटणारी .३८ स्पेशल जातीची गोळी साधारण १० ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. वस्तुमान किलोत धरलं तर इथे तो २.३ आला. ही गोळी ७० किलोच्या माणसाच्या शरीरात जाऊन थांबली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला तीन-साडेतीन सेंटिमीटर. गोळीने माणूस मरतो, कोसळतो. उडत मात्र नाही. गोळीची ‘माणूस उडवण्याची ताकद’ वगैरे गप्पा रंगल्या की हा गुणाकार करून पाहावा.

आता गोळी झाडणाऱ्याच्या हाताकडे येऊ. लेखाचा खरा विषय तोच आहे.

कपड्याआड किंवा खिशात बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर हे मुख्यतः अमेरिकेतलं प्रकरण. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत आज लपवून शस्त्र बाळगायला परवानाही लागत नाही, आणि २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनादत्त ठरवला. तो योग्य की अयोग्य यावर तिथे कडाक्याचं भांडण आहे. मला त्यात शिरायचं नाही. माझं कुतूहल एवढंच, की या बाजारपेठेसाठी अभियंत्यांनी पाऊणशे-शंभर वर्षं एकाच समीकरणाशी जी झटापट केली, ती नेमकी कशी होती.

कोल्ट कंपनीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आलं १९२७ साली. नळी दोन इंचांची, गोळ्या सहा. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘चीफ्स स्पेशल’ काढलं आणि गोळ्या पाचवर आणल्या. एक गोळी कमी केली की सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा तो फिरता दंडगोल, बारीक होतो आणि शस्त्राची जाडी घटते. पाच या आकड्याचा आणखी एक फायदा भूमितीत दडलेला आहे. प्रत्येक गोळीच्या वेळी सिलिंडर जागच्या जागी अडकावा म्हणून त्याच्या कडेला खाचा असतात आणि खालच्या बाजूने एक खटका त्यांत बसतो. सहा कप्पे असतील तर वरच्या कप्प्याच्या बरोबर समोर, म्हणजे तळाशी, दुसरा कप्पा येतो. खाच मग त्याच्याच पातळ भिंतीवर कोरावी लागते, नाहीतर खटका तरी बाजूला सरकवावा लागतो. पाच कप्प्यांत तळाशी येते दोन कप्प्यांमधली जाड भिंत. खाच तिथे पडते आणि कप्पा शाबूत राहतो. विषम संख्येची ही करामत मला भारी आवडते.

पोलादाच्या त्या रिव्हॉल्व्हरचं वजन सुमारे ५५० ग्रॅम. खिशासाठी तेही जड वाटू लागलं, म्हणून चौकट ॲल्युमिनियमची झाली. पोलादाची घनता ७.८, ॲल्युमिनियमची २.७, मोह पडणारच. अमेरिकी हवाई दलाने तर वैमानिकांसाठी सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचा करवून घेतला. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास आलं, पण स्फोटाचा दाब थेट झेलणाऱ्या भागाला हा धातू पुरेसा भरवशाचा नव्हता. ती रिव्हॉल्व्हरं मागे घेतली गेली आणि बहुतेक नष्ट केली गेली.

पुढची मोठी उडी २००१ च्या सुमारास आली, तिचं नाव स्कँडियम. मेंदेलेव्हने १८७१ मध्ये आपल्या कोष्टकात एक जागा मोकळी ठेवून ‘इथे असा असा मूलद्रव्य असणार’ असं सांगितलं होतं. १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सनला ते सापडलं. तेच हे स्कँडियम. जाहिरातीत ‘स्कँडियमची चौकट’ असं वाचून सगळी चौकट या दुर्मीळ धातूची आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती ॲल्युमिनियमचीच असते आणि स्कँडियम त्यात एक टक्क्याहूनही कमी. तेवढ्याने काम मात्र होतं. तीन अणू ॲल्युमिनियम आणि एक अणू स्कँडियम अशा संयुगाचे नॅनोमीटर आकाराचे कण धातूभर विखुरतात. ताण आला की धातूच्या स्फटिकांतले दोष सरकू पाहतात, त्यांना हे कण अडवतात आणि धातूचा पोत बारीक ठेवतात. सोव्हिएत संशोधकांनी हे मिश्रधातू लढाऊ विमानांसाठी वापरले होते. त्यांच्या जोडीला टायटॅनियमचा सिलिंडर बसवला आणि ३४० ग्रॅमच्या आसपास वजनाचं, चक्क .३५७ मॅग्नम हे जबर काडतूस झेपणारं रिव्हॉल्व्हर तयार झालं. त्याच्या नळीवरच सूचना कोरलेली असते, की १२० ग्रेनपेक्षा, म्हणजे पावणेआठ ग्रॅमपेक्षा, हलकी गोळी वापरू नये. हलक्या गोळीमागे दारू जास्त भरतात आणि तिचे जळते कण टायटॅनियम खरवडतात.

धातूंचा प्रश्न असा सुटला आणि न्यूटन वसुलीला आला.

गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग शस्त्र मागे घेतं. गोळीच्या २.३ मध्ये तिच्यामागून सुटणाऱ्या वायूंचा वाटा मिळवावा लागतो. दारू जेमतेम ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, पण तिचा वायू गोळीच्या कित्येक पट वेगाने बाहेर पडतो. एकूण २.६ धरू. ५५० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरला यातून सेकंदाला ४.७ मीटर वेग मिळतो, ३४० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरला ७.६ मीटर. हाताला झोंबते ती गतिज ऊर्जा, आणि तिचं सूत्र संवेगाच्या भाषेत मांडलं तर असं होतं: संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमानाची दुप्पट. वस्तुमान छेदात आहे! म्हणजे काडतूस तेच ठेवून शस्त्र हलकं केलं, की वजन ज्या प्रमाणात घटतं त्याच्या व्यस्त प्रमाणात धक्क्याची ऊर्जा वाढते. पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये ती सुमारे ६ जूल, हलक्यात जवळपास १०. हलक्यात मॅग्नम काडतूस घातलं तर आकडा २५ जूलच्या पुढे जातो. साडेतीन-चार किलोच्या शिकारी रायफलीचा धक्का साधारण २० जूल असतो. तोही खांद्याच्या रुंद गादीवर बसतो. इथे सगळा भार अंगठा आणि तर्जनीमधल्या पातळ कातडीवर.

हात दुखतो हे कोणालाही कळतं. मला रस आहे तो सिलिंडरमध्ये वाट पाहत बसलेल्या बाकीच्या चार काडतुसांमध्ये.

पहिली गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा जेमतेम दोनहजारावा भाग जातो. तेवढ्यात ३४० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर शून्यापासून सेकंदाला जवळपास सात मीटर वेग गाठतं. (७.६ नव्हे, कारण वायूंचा बराचसा हिस्सा गोळी सुटल्यावर मिळतो.) सात भागिले दोनहजारांश सेकंद म्हणजे सेकंदवर्गाला १४,००० मीटर त्वरण. गुरुत्वीय त्वरणाच्या १,४०० पट! बाकीची काडतुसंही सिलिंडरसोबत मागे खेचली जातात, कारण त्यांच्या बुडाची कडा सिलिंडरच्या मागच्या पृष्ठभागाला टेकलेली असते. पण सिलिंडर ओढतो तो पितळी पुंगळीला. तिच्या तोंडात घट्ट बसवलेल्या गोळीला कोणीच थेट ओढत नाही. बस झटक्यात सुटली की दांडा न धरलेला प्रवासी मागे कलंडतो, तशी ही गोळी जडत्वामुळे जागीच राहू पाहते. तिला सोबत नेण्याचं काम पुंगळीच्या आत दुमडलेल्या ओठांचं. त्या ओठांना किती बल लावावं लागतं? दहा ग्रॅम गुणिले १४,०००, म्हणजे १४० न्यूटन. चौदा किलो वजन गोळीला टांगल्यासारखं. हे झालं सरासरी बल. क्षणिक कमाल बल याहून बरंच मोठं. ५५० ग्रॅमच्या पोलादी शस्त्रात हाच आकडा साधारण नऊ किलोवर येतो. मॅग्नम काडतुसात तर दाब जास्त आणि वेळ कमी, त्यामुळे बल आणखी वाढतं.

ओठांची पकड ढिली असेल तर प्रत्येक धक्क्याला बाकीच्या गोळ्या केसभर पुढे सरकतात. चौथ्या-पाचव्या गोळीपर्यंत एखादीचं नाक सिलिंडरच्या बाहेर डोकावतं, चौकटीला अडकतं आणि सिलिंडर फिरेनासा होतो. ‘रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही’ ही दंतकथा इथे संपते. आणि असं अडकलेलं रिव्हॉल्व्हर चाप पुन्हा ओढूनही सुटत नाही. मॅगझिनवाल्या, म्हणजे मुठीत काडतुसांची पेटी सरकवायच्या, पिस्तुलात याच जडत्वामुळे नेमकं उलटं घडतं. तिथे काडतुसं मॅगझिनमध्ये सैल असतात, मागे धावणाऱ्या शस्त्राची पुढची भिंत गोळ्यांच्या नाकावर आदळते आणि गोळ्या पुंगळीत आत ढकलल्या जाऊ शकतात. कारण एक, परिणाम दोन विरुद्ध दिशांना. ज्याला गणित नको असेल त्याने मागचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल; मला ते सोडवले नाहीत.

धक्क्याची ऊर्जा कमी करता येत नसेल, तर तिची दिशा सुधारता येते का? इटलीच्या एमिलिओ गिसोनी यांनी हा प्रश्न धसास लावला. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सिलिंडरच्या सर्वांत वरच्या कप्प्यातून सुटते. नळीची रेषा त्यामुळे मुठीच्या बरीच वर राहते. बल आणि त्याचं टेकूपासूनचं लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे बलाचं आघूर्ण. अंतर मोठं तेवढी नळी वर उसळते. गिसोनी यांनी सिलिंडरच्या सर्वांत खालच्या कप्प्यातून गोळी सोडली. २००९ मध्ये आलेल्या ‘कियापा ऱ्हायनो’त नळी बोटांच्या जवळपास समोर येते आणि धक्का मनगट न उचलता सरळ हाताच्या हाडांत जातो. संवेग तेवढाच, ऊर्जा तेवढीच. उसळी मात्र खूप कमी. किंमत मोजली ती यंत्रणेने. हॅमर, म्हणजे आघात करून काडतूस पेटवणारा हातोडा, खाली आत लपवावा लागला, वर दिसणारा हॅमर हा फक्त तो ताणायचा खटका, आणि दोहोंमध्ये दांड्या-स्प्रिंगांचं जंजाळ. गिसोनी हे रिव्हॉल्व्हर बाजारात आलेलं पाहायला राहिले नव्हते. २००८ मध्येच ते गेले.

त्याच २००९ साली रुगर कंपनीने वेगळी अडचण हाताळली: चाप. लपवायच्या रिव्हॉल्व्हरला बहुधा बाहेर हॅमर ठेवत नाहीत, कारण तो कपड्यात अडकतो. मग सिलिंडर फिरवणं, स्प्रिंग दाबणं, हॅमर सोडणं ही सगळी कामं चाप ओढणाऱ्या एकाच बोटावर येतात. स्प्रिंगचा नियम असा, की जितकी दाबाल तितकी ती जोराने विरोध करते. बोटाचा जोर त्यामुळे नेमका शेवटी, नेम धरायच्या क्षणी, सर्वांत जास्त लागतो आणि नळी हलते. रुगरच्या ‘एलसीआर’मध्ये चाप आणि हॅमर यांच्यामध्ये कॅम, म्हणजे फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारा वळणदार कडेचा तुकडा, आहे. तो ओढीच्या प्रत्येक टप्प्यावर तरफेचं गुणोत्तर बदलतो, त्यामुळे शेवटचा डोंगर सपाट होतो. स्प्रिंगमध्ये साठवायचं कार्य काही कमी होत नाही. ते ओढीच्या सगळ्या लांबीवर सारखं पसरतं. लोकांच्या नजरेत भरली ती त्याची प्लॅस्टिकची मूठ आणि खालचा भाग. माझ्या मते खरी बुद्धी त्या कॅममध्ये आहे.

रबरी मुठीबद्दल दोनच वाक्यं. ती धक्का जास्त क्षेत्रावर आणि थोड्या जास्त वेळात पसरवते, त्यामुळे हाताला बरं वाटतं. पण ‘जाणवणारा धक्का अमुक टक्के कमी’ असे आकडे जाहिरातीत दिसले तर दुर्लक्ष करावं, कारण जाणवणाऱ्या धक्क्याला एककच नाही.

उरला समीकरणातला अंश, म्हणजे खुद्द काडतूस. लपवून बाळगायच्या शस्त्रांच्या बाजारात २०१८ नंतर दहा-दहा गोळ्यांची चिमुकली पिस्तुलं मुसंडी मारून पुढे गेली आणि पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर जुनाट ठरू लागलं. त्यावर स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये दिलेलं एक उत्तर मजेदार आहे. नवा धातू नाही, तर १९८४ सालचं .३२ एच अँड आर मॅग्नम हे बारीक काडतूस. पुंगळी एक मिलिमीटरने बारीक, म्हणून तेवढ्याच सिलिंडरमध्ये सहा कप्पे बसतात. गोळी साडेपाच-सहा ग्रॅमची. एकूण संवेग २.६ वरून २.१ च्या आसपास येतो, आणि संवेगाचा वर्ग होत असल्याने धक्क्याची ऊर्जा साधारण एक-तृतीयांशाने घटते. वाट पाहणाऱ्या गोळ्याही हलक्या, त्यामुळे पुंगळीच्या ओठांवर येणारं बल जवळपास निम्मं होतं. अडचण राहते ती एवढीच, की हे काडतूस मोजकेच कारखाने बनवतात आणि .३८ च्या मानाने ते महाग पडतं.