वादळ समुद्रात, वारं सांगलीत

अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं की सांगलीतल्या हवामानवेड्याला घरच्यांचा टोमणा ठरलेला असतो: "समुद्र कुठं, आपण कुठं!" टोमण्यात तथ्य आहे. सांगलीपासून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटरवर आहे आणि साताऱ्यापासून गुहागरकडचा किनारा नव्वदेक किलोमीटरवर. मध्ये सह्याद्री आडवा. तरीही या दोन जिल्ह्यांत वादळाचा माग काढणारी मंडळी भरपूर सापडतात. कुणी निवृत्त मास्तर, कुणी इंजिनिअरिंगला असलेली पोरं, कुणी द्राक्षबागायतदार. आकड्यांवर लक्ष ठेवायची सवय कृष्णेनं इथल्या माणसाला लावलेलीच आहे. पावसाळ्यात "आयर्विनला किती फूट?", म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती, हे सांगलीत हालहवाल विचारल्यासारखं विचारलं जातं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

हेच लक्ष मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरात समुद्राकडे वळतं. अरबी समुद्रातली बहुतेक चक्रीवादळं याच दोन मोसमांत होतात. ऐन पावसाळ्यात पाण्यावरचे वारे एका दिशेला आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरचे वारे जवळजवळ उलट दिशेला वाहत असतात, त्यामुळे वादळाची उभी रचना बांधली जाण्याआधीच विस्कटते.

नव्या माणसाचं सगळं लक्ष नकाशावरच्या ठिपक्यावर, म्हणजे वादळाच्या केंद्रावर असतं. ठिपका किनाऱ्याजवळ आला की धास्ती, लांब गेला की सुटकेचा निःश्वास. सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्यांना या ठिपक्याचा उपयोग मर्यादित आहे. इथं विचारायचा प्रश्न वेगळा: त्या वादळाचं वारं आत्ता आपल्याकडे कोणत्या दिशेनं येतंय?

२०२१ चं तौक्ते चक्रीवादळ घ्या. लक्षद्वीपच्या आसपास १४ मे रोजी त्याची जुळवाजुळव झाली. १६ मेच्या सकाळी ते गोव्याच्या पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर होतं, म्हणजे सांगलीपासून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर, नैऋत्येला. १७ मे रोजी ते मुंबईसमोरून सरकलं आणि त्याच रात्री दीव-उना भागात जमिनीवर चढलं. सर्वाधिक जोरात असताना त्याचे वारे ताशी १८५ किलोमीटरच्या घरात होते. मुंबईला त्याचं केंद्र शिवलंसुद्धा नाही, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. केंद्र दीडशे किलोमीटरवरून गेलं म्हणून वादळ दीडशे किलोमीटर लांब होतं असं म्हणता येत नाही, ते यामुळेच.

उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे, कमी दाबाकडे धावणारी हवा आपल्या उजवीकडे वळते आणि केंद्रात थेट न शिरता त्याभोवती घिरट्या घालते. यावरून डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलॉट यांनी १८५७ मध्ये एक साधा नियम मांडला: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. जमिनीवर घर्षणामुळे वारा थोडा आत, केंद्राकडे झुकतो, म्हणून डावा हात जरा पुढे आणायचा. ना उपग्रह, ना इंटरनेट, ना वीज. आणि वादळाच्या दिवशी वीज जाणार हे तर गृहीतच धरलेलं बरं.

हा नियम सांगलीला लावून बघा. वादळ गोव्यासमोर, म्हणजे आपल्या नैऋत्येला असताना वारा पूर्व-आग्नेयेकडून यायला हवा. वादळ रत्नागिरीसमोर आलं की तो आग्नेय-दक्षिणेकडून, आणि ते मुंबईच्या पुढे सरकलं की दक्षिण-नैऋत्येकडून. वाऱ्याची दिशा अशी क्रमानं, उजवीकडे फिरत गेली तर वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेला चाललंय हे घराच्या गच्चीवरून कळतं. दिशा तीच राहून जोर मात्र वाढत असेल, तर ते आपल्याच रोखानं येतंय असं समजायचं. जुने दर्यावर्दी याच हिशेबानं जहाज वळवत.

सांगली-मिरजेचा सपाट प्रदेश यासाठी सोयीचा. साताऱ्यात मात्र पंचाईत होते. अजिंक्यतारा, यवतेश्वर आणि आजूबाजूचे डोंगर वाऱ्याला आपल्या सोयीनं वळवतात, आणि गल्लीतला झेंडा बघून काढलेली दिशा चाळीस-पन्नास अंशांनी सहज चुकते. तिथं झेंडा सोडून खालचे ढग बघावेत. शे-पाचशे मीटरवरून पळणारे फाटके ढग वाऱ्याची खरी दिशा सांगतात. त्याच वेळी खूप उंचावरचे, पिसांसारखे पांढरे ढगही शोधावेत. चक्रीवादळ खालून हवा आत ओढतं आणि वर, माथ्यावर, ती चहूकडे बाहेर फेकतं. त्यामुळे खालचे ढग एका दिशेला निघालेले आणि वरचे भलत्याच दिशेला, असं दृश्य दिसतं. एकाच आकाशात वादळाचं तळघर आणि माळा दोन्ही दिसण्याची ही वेळ, आणि माझ्या मते या छंदातली सर्वात मोठी मौज हीच.

आता दाबाकडे. आजकालच्या बऱ्याच मोबाइलांत दाबमापक असतो आणि वादळ आलं की तो उघडून बघण्याची चढाओढ लागते. पहिला धक्का बसतो तो आकड्याचा. समुद्रसपाटीवर हजाराच्या आसपास असणारा दाब साताऱ्यात सुमारे ९३० हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) आणि सांगलीत ९५० च्या जवळपास दिसतो. तौक्तेच्या केंद्रातला दाबही ९५० पर्यंत उतरला होता, म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. आपला आकडा उंचीमुळे कमी असतो. साधारण आठ-नऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल उतरतो. साताऱ्यातून अजिंक्यताऱ्यावर चढून गेलात तर दाब तीसेक हेक्टोपास्कलनं पडेल, म्हणजे तौक्तेच्या केंद्रात जेवढा पडला होता त्याच्या निम्म्यानं. नोंद घ्यायची तर फोन रोज एकाच जागी, एकाच मजल्यावर ठेवून घ्यायची.

दुसरी गंमत याहून बारीक आहे. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वात जास्त असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वात कमी. सूर्याच्या उष्णतेनं सगळं वातावरणच लयीत हेलकावतं, त्याचा हा परिणाम. हा चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. अडीचशे किलोमीटरवरून जाणाऱ्या वादळाचा परिणामही तेवढाच, मोजक्या हेक्टोपास्कलचा. म्हणून "सकाळपासून दाब तीननं पडला" ही दुपारी तीनची खबर तशी बिनकामाची, तो रोजच पडतो. आजचा तीनचा आकडा कालच्या तीनच्या आकड्याशी ताडून बघायचा. आणि रात्री दहाला दाब चढायला हवा असताना तो उतरतच राहिला, तर मात्र वाऱ्याच्या दिशेकडे बघायला गच्चीवर जावं.

उपग्रहाची चित्रं सगळेच बघतात, पण ती वाचणारे कमी. रात्रीची रंगीत चित्रं अवरक्त किरणांची असतात, त्यातले रंग तापमानाचे. जितका ढगाचा माथा उंच तितका तो थंड, आणि जोरदार वादळात ही थंडी उणे ८० अंशांपर्यंत जाते. मध्ये दिसणारा डोळा भोवतालपेक्षा उबदार असतो, कारण तिथं हवा खाली उतरत असते. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात ढगांच्या अशा ठेवणीवरून वाऱ्याचा वेग ठरवण्याची पद्धत बसवली. भारताच्या समुद्रांत वादळात विमान घालून मोजमाप करण्याची अमेरिकेसारखी नेहमीची सोय नाही. त्यामुळे किनाऱ्यापासून लांब असलेल्या वादळाचे वेगाचे जे आकडे आपण ऐकतो ते मुख्यतः या चित्रवाचनातून आलेले अंदाज असतात. भारतीय हवामान विभागाच्या निवेदनातल्या "१७५ ते १८५" अशा पल्ल्याकडे त्याच नजरेनं बघावं.

वादळ जाणार कुठं, हे त्याचं ते ठरवत नाही. कृष्णेच्या पुरात भोवरा जसा गरगरत राहतो आणि प्रवाह त्याला खाली नेतो, तसं भोवतालच्या मोठ्या वाऱ्यांचं आणि वादळाचं नातं. मे-जूनमध्ये हे वाहते वारे वादळाला बहुधा ओमानकडे नाहीतर उत्तरेला गुजरातकडे नेतात, म्हणून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट धडका कमी. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान आलं, ३ जून २०२० ला निसर्ग दिवेआगरजवळ. दिवेआगर ते महाबळेश्वर हवाई अंतर पाऊणशे किलोमीटर. निसर्ग ईशान्येला निघालेलं होतं आणि महाबळेश्वर त्याच्या उजव्या अंगाला. उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या अंगाला वजाबाकी.

अंदाज किती चुकतो? हवामान विभागाच्या अंदाजात २४ तासांनंतरच्या केंद्राची जागा अलीकडे सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरनं चुकते, आणि ही चूक पुढच्या प्रत्येक दिवसागणिक वाढत जाते. नकाशावरचा पसरत जाणारा शंकू म्हणजे ही चूक. वादळाचा आकार नव्हे. शंकूबाहेरच्या गावालाही पाऊस झोडपू शकतो. आणि दहा दिवसांनंतर मुंबईवर आदळणारं, लालभडक रंगात फिरणारं संगणकी वादळ कुणी पाठवलं तर ते करमणूक म्हणून बघावं. अंदाज काढणारी युरोपियन आणि अमेरिकी ही दोन्ही संगणकी मॉडेलं सलग दोन-तीन दिवस एकच गोष्ट सांगू लागली, तर विषय गंभीर.

सांगलीत वादळाचं नाव निघालं की लोकांच्या मनात पूर येतो. ते स्वाभाविक आहे, पण इथला महापूर वेगळ्या वाटेनं येतो: जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर दिवसचे दिवस कोसळणारा पाऊस, भरत आलेली धरणं, पाणी पिऊन तुडुंब झालेली माती. मेमधलं वादळ दोन दिवसांत पुढे जातं, तेव्हा १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयना धरण तळाकडे गेलेलं असतं आणि जमीन तहानलेली. शिवाय पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर चढतो आणि आपली ओल घाटावर टाकतो, त्यामुळे पूर्वेकडच्या जत-आटपाडीला फारसं उरत नाही. वादळ नैऋत्येला असताना वारा आग्नेयेकडून, म्हणजे देशाकडून घाटाकडे जात असतो. मग पाऊस कुठं पडेल याचं नेहमीचं गणित बिघडतं. वारा नैऋत्य-पश्चिमेला फिरला की घाटमाथा पुन्हा आपलं काम सुरू करतो. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, वाई तालुक्यात मांढरदेवला तिचं रडारही आहे. घाटावरच्या पावसाचं कोडं किती गुंतागुंतीचं आहे, ते यावरून लक्षात यावं.

लांबून गेलेलं वादळही उपद्रव करून जातं. २०२३ चं बिपरजॉय ६ जूनला जन्मलं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. आपल्यापासून ते कितीतरी लांब होतं, पण मान्सूनच्या वाऱ्यांची घडी त्यानं विस्कटली. मान्सून ११ जूनला रत्नागिरीला पोचला आणि तिथंच अडकला. मुंबई गाठायला त्याला २५ तारीख उजाडली. दरम्यान सातारा-सांगलीत पेरण्या खोळंबल्या. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आहे. तेव्हा अशा जूनची तयारी ठेवायला हवी.

या सगळ्यात सर्वात चिकाटीचा निरीक्षक कोण म्हणाल, तर तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्षवाला. फळछाटणी झालेली असते, बागा पोंग्यापासून (कोवळ्या फुटीपासून) फुलोऱ्यापर्यंतच्या अवस्थांत असतात, आणि नेमका तेव्हा अरबी समुद्राचा दुसरा मोसम सुरू असतो. त्याला वाऱ्याच्या वेगाशी फारसं देणंघेणं नाही. पानं किती तास ओली राहणार, हा त्याचा हिशेब, कारण डावणी हा बुरशीचा रोग त्या ओलीवर पसरतो आणि फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतात. २०१७ चं ओखी ५ डिसेंबरच्या रात्री दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोचेपर्यंत पार गळपटलं होतं. थंड पाणी, कोरडी हवा आणि उंचावरचे जोरदार वारे यांनी त्याचा जीव घेतला होता. पण वादळ मोडलं म्हणून त्यातली वाफ नाहीशी होत नाही, ती वरच्या वाऱ्यांबरोबर जमिनीकडे सरकते आणि ढगाळ हवा, झिमझिम, दमटपणा देते. त्यामुळे निवेदनात "तीव्र चक्रीवादळ" जाऊन "कमी दाबाचं क्षेत्र" हे शब्द आले तरी बागायतदार उपग्रहाचं चित्र बंद करत नाही. ढगांचा पट्टा कुठल्या बाजूनं सरकतोय ते बघतो आणि पहाटे फवारणीचा ब्लोअर बाहेर काढायचा की दुपारपर्यंत थांबायचं, ते ठरवतो.