बेथनल ग्रीनमधील बालमृत्यू (एकोणिसावे शतक)

बेथनल ग्रीन ही पूर्व लंडनमधली जुनी रेशीम-विणकरांची वस्ती. इंग्लंडात १८३७ पासून जन्ममृत्यूंची सरकारी नोंद होऊ लागली आणि अशा नोंदींच्या आधारे सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांनी १८४२ च्या अहवालात इथल्या मृतांचे सरासरी वय मांडले : सधन व प्रतिष्ठित व्यावसायिक ४५, दुकानदार २६, कारागीर-मजूर-नोकर १६. शेवटचा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. मजूर काही सोळाव्या वर्षी मरत नसे. दोन मुले वर्षाची होऊन दगावली आणि बाप ४६ व्या वर्षी गेला, की तिघांची सरासरी १६ भरते. त्या सोळाच्या आकड्यामागे मुख्यतः लहान मुलांचेच मृत्यू आहेत.

डॉ. हेक्टर गॅविन यांनी १८४८ मध्ये इथली गल्ली न् गल्ली पालथी घालून वर्णन छापले. तुंबलेली गटारे, भरून वाहणारे संडास, आणि नळाला आठवड्यातून काहीच दिवस, तेही तास-दोन तास पाणी. एका खोलीत अख्खे कुटुंब. मूल दगावले तर दफनाचे पैसे जमेपर्यंत प्रेतही त्याच खोलीत राही.

गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फीवर हे नेहमीचेच; पण तान्ह्यांचा खरा काळ म्हणजे उन्हाळ्यातली हगवण. वरचे दूध ज्या बाटलीने पाजत तिला लांब रबरी नळी असे. बाळ पडल्यापडल्या चोखत राही आणि आईचे हात मजुरीच्या काड्यापेट्या चिकटवायला मोकळे होत. ती नळी आतून धुता येत नसे. दुधाचा थर साचून नासत जाई. रडणाऱ्या बाळाला अफूमिश्रित औषध पाजत. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका अफूची बाळागोळी देत, त्याच नाइलाजाने.

१८६६ च्या पटकीने (कॉलऱ्याने) पूर्व लंडनमध्ये पाच हजारांवर बळी घेतले. दूषित पाणी ओल्ड फोर्डच्या जलाशयातून आले होते. त्यानंतर १८६७ मध्ये मेरी एलिझाबेथ व एलन फिलिप्स या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) बहिणींनी इथे बायका-मुलांचा दवाखाना काढला, त्याचेच पुढे रुग्णालय झाले. नवी भुयारी गटारे आणि सुधारलेला पाणीपुरवठा यांमुळे पटकी हटली. १८७० च्या दशकापासून इंग्लंडात एक ते चार वर्षांची मुले कमी दगावू लागली. वर्षाच्या आतल्या बाळांचा दर मात्र हजारी १५० च्या आसपासच अडकून राहिला. गटार रस्त्याखाली आले तरी बाटली खोलीतच होती.

ओल्ड निकोल या सर्वांत बकाल भागात चारांतले जवळपास एक बाळ वर्ष काढत नसे. लंडन काउंटी कौन्सिलने तो पाडून बाउंडरी इस्टेट ही घरांची वसाहत उभारली. १९०० मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. भाडे परवडेना, त्यामुळे हलवलेल्या ५,७१९ रहिवाशांपैकी अवघे ११ नव्या घरांत आले. पाडलेल्या घरांच्या मलब्याचा मधोमध गोल उंचवटा केला आहे. त्यावर आज बाग आणि बँडस्टँड आहे.