दोनशे डॉलरचा टॅक्स शून्य झाला, कागद तिथंच राहिले: अमेरिकेतल्या घरगुती आणि कंपनीच्या सप्रेसरची पार्श्वभूमी

1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा, म्हणजेच सप्रेसरवरचा, फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स शून्य झाला, आणि तेव्हापासून तिकडच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर, खासकरून टेक्सस-ॲरिझोनावाल्यांच्या, एकच प्रश्न फिरतोय की आता घरीच बनवलेला बरा का दुकानातून घेतलेला बरा, आणि मुळात हे कायदेशीर आहे का. उत्तर एका ओळीत बसत नाही कारण या भानगडीला सव्वाशे वर्षं होत आलीत, तर जरा मागे जाऊ.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सिनेमात गुंड पिस्तुलाला नळी लावतो आणि फक्त फुस्स असा आवाज येतो, तसं काही होत नाही. रायफलचा आवाज एरवी 160 डेसिबलच्या पुढे असतो, सप्रेसर लावला की साधारण 20 ते 35 डेसिबल कमी होतो, म्हणजे तरी 130 च्या घरात राहतोच. कानाला कायमची इजा व्हायची हद्द अशा क्षणिक आवाजांसाठी 140 धरतात, त्यामुळे फायदा खरा आहे, पण शेजाऱ्याला ऐकूच येणार नाही वगैरे सगळं विसरा.

हे यंत्र काढलं हायरम पर्सी मॅक्सिमनं. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, म्हणजे ज्यांनी मॅक्सिम मशीनगन काढली तेच. बापानं जगातली सगळ्यात गोंगाट करणारी बंदूक काढली आणि पोरानं ती गप्प करायचं यंत्र, असं घर. 1909 ला पेटंट मिळालं, कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला कंपनी होती, आणि माल चक्क सरळ विकला जायचा, लहान बोअरच्या रायफलचा पाच-सात डॉलरच्या आसपास. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी स्वतःच्या विंचेस्टरला लावलेला होता. हाच धाकटा मॅक्सिम पुढे हौशी रेडिओवाल्यांच्या अमेरिकन रेडिओ रिले लीगचा संस्थापक झाला आणि आवाज कोंडायची तीच कल्पना त्यानं इंजिनांना, कारखान्यांच्या मशीनना लावली, म्हणजे आपल्या बाईकचा सायलेन्सर या यंत्राचा भाऊच म्हणायचा. (आपल्याकडे पोलीस बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून त्यावर रोड रोलर फिरवतात, म्हणजे आपल्याकडे आवाज वाढवला तर गुन्हा आणि तिकडे कमी केला तर कागदपत्रं.)

मग 1934. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्या, 1929 चं शिकागोतलं व्हॅलेंटाइन डे हत्याकांड, टॉमी गनचे पेपरातले फोटो, शिवाय फेब्रुवारी 1933 मध्ये मायामीत फ्रँकलिन रूझवेल्टवर गोळीबार झालेला, या सगळ्यानंतर ॲटर्नी जनरल होमर कमिंग्स यांनी नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट रेटला. मूळ मसुद्यात साधी पिस्तुलंसुद्धा होती, ती नंतर वगळली, पण मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांच्या रांगेत सायलेन्सरही बसला. का बसला याची चर्चा संसदेच्या कामकाजात जवळजवळ सापडतच नाही. मंदीत लोक पोटासाठी चोरून शिकार करतील ही भीती होती असं काही अभ्यासक म्हणतात पण ते अंदाजच.

बंदी घातली नाही, टॅक्स लावला. प्रत्येक हस्तांतरणाला 200 डॉलर. आजच्या हिशोबात ते साडेचार हजार डॉलरच्या वर जातात, आणि त्या वर्षी फोर्डची नवी मोटार पाचशे डॉलरच्या थोडं वर मिळत होती, म्हणजे पाच-सात डॉलरच्या नळीवर जवळपास अर्ध्या मोटारीएवढा टॅक्स. बंदीच झाली ना ती, फक्त नाव टॅक्स. असं वळण घेतलं कारण बंदुका थेट बंद करायचा अधिकार केंद्राला आहे का याची खात्री नव्हती, टॅक्स लावायचा मात्र होता, आणि 1937 मध्ये सॉन्झिन्स्की केसमध्ये सुप्रीम कोर्टानंही टॅक्स आहे तर चालेल असंच म्हटलं. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल. पुढे स्वतः बनवणाऱ्यालाही तेवढाच टॅक्स लागू झाला. तर धंदा झोपला, आणि ती 200 ची रक्कम कुणी बदललीच नाही, नव्वद वर्षं तशीच.

इथंच सगळी गंमत आहे. महागाई वाढत गेली आणि टॅक्स जागेवर राहिला, त्यामुळे एकेकाळी डोंगर असलेली रक्कम हळूहळू टेकडी झाली. 1986 च्या कायद्यानं नवीन मशीनगन सामान्य माणसाला बंद केल्या, आणि त्याच कायद्यानं सायलेन्सरची व्याख्या इतकी रुंद केली की त्यासाठी म्हणून बनवलेला एखादा सुटा भागसुद्धा कायद्याच्या लेखी सायलेन्सरच. घरगुतीवाल्यांना सगळ्यात जास्त हेच बाधतं. कंपनीच्या मालाचा एखादा भाग खराब झाला तर कंपनी बदलून देते, कारण तिच्याकडे उत्पादनाचं लायसन्स आणि वर्षाचा स्पेशल टॅक्स भरलेला असतो. घरी बनवणाऱ्यानं एकदा मंजुरी घेऊन बनवला की जादाचे भाग करून ड्रॉवरमध्ये ठेवता येत नाहीत, तो प्रत्येक भाग म्हणजे नोंद नसलेला नवा सायलेन्सर. आणि नोंद नसलेला सापडला तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. स्वस्ताचा हिशोब करणारे हा आकडा धरतच नाहीत.

कागदपत्रांचे दोन रस्ते आहेत, बनवायचा असेल तर फॉर्म 1, विकत घ्यायचा असेल तर फॉर्म 4. दोन्हीला बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी. फॉर्म 1 मध्ये मंजुरी आधी, काम नंतर. मंजुरीआधी एक तुकडाही केला तर तो गुन्हा झाला, मागाहून नोंदवू म्हणून चालत नाही. शिवाय त्यावर बनवणाऱ्याचं नाव, गाव, राज्य आणि सिरीयल नंबर ठराविक खोलीनं कोरावा लागतो, ते करून घ्यायलाही पैसे जातातच.

तरी लोक घरगुतीकडे का वळले? पैसा हे अर्धं कारण. चांगला रायफलचा कंपनी माल 500 ते 1200 डॉलर, बावीस बोअरचा 200 ते 500, त्यावर 200 टॅक्स, आणि घरगुती मात्र सामान धरून काहीशे डॉलरमध्ये आटपायचा. पण खरं कारण वेळ होता असं मला वाटतं. एटीएफ नावाच्या खात्याकडे फॉर्म 1 ऑनलाइन भरता यायचा आणि काही आठवड्यांत निकाल यायचा, फॉर्म 4 मात्र 2014 नंतर बरीच वर्षं कागदावरच, आठ महिने वर्ष कधी जास्त. पैसे भरून दुकानदाराच्या तिजोरीत आपली वस्तू पडलेली आणि तुम्ही वर्षभर नुसते वाट बघताय, मग माणूस म्हणतो मीच करतो. त्यातून बंदूक साफ करताना सॉल्व्हंट गोळा करायच्या भांड्याच्या नावाखाली किट विकणाऱ्यांचा धंदा फुगला, आणि 2022 च्या सुरुवातीला एटीएफनं एकदम शेकडो फॉर्म 1 अर्ज फेटाळले, का तर असली किट आधीपासूनच सायलेन्सर आहेत, त्यांच्यावरून बनवायची परवानगी मागायचा प्रश्नच येत नाही. लोकांनी रीतसर अर्ज केला, फी भरली, आणि कळलं की घरात जे पार्सल आलंय तेच बेकायदेशीर. कायदा पाळायला गेलेल्या माणसाची अशी पंचाईत करणं मला तरी बरोबर वाटत नाही, पण किट विकणाऱ्यांना काय विकतोय हे माहीत नव्हतं असंही कुणी म्हणू नये.

घरगुतीच्या बाजूनं राज्यांनीही उड्या मारून बघितल्या. कॅन्ससनं 2013 मध्ये कायदा केला की राज्यात बनलेली आणि राज्यातच राहणारी बंदूक नि सामान यांना फेडरल कायदा लागू नाही. शनूट नावाच्या छोट्या गावात एका आर्मी सरप्लस दुकानदारानं त्या भरवशावर सप्रेसर बनवून विकले, एका माजी सैनिकानं घेतला, फेडरल सरकारनं दोघांवर खटला भरला, 2016 मध्ये दोषी, 2018 मध्ये अपील फेटाळलं, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं केस ऐकायलाच नकार दिला. विधानसभेत टाळ्या पडल्या त्या आमदारांना आणि गुन्हा लागला या दोघांना. टेक्ससनं 2021 मध्ये तसलाच कायदा केला, पण त्यांनी आधी कोर्टात जाऊन विचारलं, तर तुम्हाला दाद मागायचा अधिकारच बसत नाही म्हणून तेही 2024 मध्ये बाहेर. तेव्हा मेड इन टेक्सस लिहिलं की झालं असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

दुसरीकडे कंपनी माल खपतच होता. 2016 मध्ये नोंदणी झालेले सप्रेसर नऊ लाखांच्या आसपास, 2024 पर्यंत चाळीस लाखांच्या पुढे. डिसेंबर 2021 मध्ये फॉर्म 4 परत ऑनलाइन आला आणि 2024 पर्यंत काहींना मंजुरी दिवसांत मिळायला लागली, तिथंच घरगुतीचा मोठा फायदा संपला. मधे हिअरिंग प्रोटेक्शन ॲक्ट नावाचं बिल सप्रेसर 1934 च्या कायद्याच्या यादीतूनच काढायला आलं होतं पण ऑक्टोबर 2017 च्या लास वेगास गोळीबारानंतर ते गार पडलं. मे 2019 मध्ये व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीतल्या हल्लेखोराकडे सप्रेसर होता, त्यामुळे विरोधकांचं म्हणणंही हवेतलं नाही.

शेवटी 4 जुलै 2025 ला सही झालेल्या त्या मोठ्या बजेट कायद्यात टॅक्स शून्य झाला. यादीतून पूर्ण काढायचा बेत होता, पण सिनेटच्या पार्लमेंटेरियनबाईंनी (सभागृहाचे नियम सांगणाऱ्या अधिकारी) बजेटच्या वाटेनं ते करता येत नाही म्हणून सांगितलं, म्हणून फक्त पैसे गेले आणि नोंदणी, ठसे, तपासणी, शिक्षा सगळं जागेवर. आठ राज्यांत (कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, हवाई, डेलावेअर, ऱ्होड आयलंड) सामान्य माणसाला ठेवताच येत नाही, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसन नाहीतर कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये राहणाऱ्यांनी हे वाचून सोडून द्यावं.

आणि एच-वनवाल्यांनी तर नक्कीच. फेडरल कायद्यात सायलेन्सर ही स्वतःच फायरआर्म धरली जाते, आणि नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्याला शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर फायरआर्म बाळगताच येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, पण बंदुकीचा गुन्हा लागला तर डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतं, सिटिझन फक्त जेलमध्ये जातो. सुट्टीत घरी येताना सामानात तर अजिबात नको, भारतात आवाज कमी करणारं असलं सामान आर्म्स रूल्समध्ये सगळ्यात कडक वर्गात येतं आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार बनवण्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे.

बाकी हिशोब आता असा उरतो की टॅक्स दोन्हीकडे शून्य, वेळ साधारण सारखी, कंपनीच्या मालाला वॉरंटी आणि दुरुस्ती, घरगुतीला फक्त सामानाची बचत आणि स्वतः केल्याचं समाधान. मशीन शॉप ज्याच्या घरात आधीच आहे त्याला ठीक, बाकीच्यांना मला तरी अर्थ दिसत नाही. लढाई आता कोर्टात गेलीये. लुइझियानातल्या एका गन डीलरकडे नोंद नसलेला घरगुती सप्रेसर सापडला होता, त्यात पाचव्या सर्किट कोर्टानं (फेडरल अपील कोर्ट) फेब्रुवारी 2025 मध्ये म्हटलं की सप्रेसर हे मुळात शस्त्रच नाही, म्हणून घटनेतल्या शस्त्र बाळगायच्या हक्काचं संरक्षण नाही, आणि ऑगस्टमध्ये तोच निकाल बदलून म्हटलं की संरक्षण आहे असं धरलं तरी नोंदणीची अट चालते. माणूस दोन्ही वेळा दोषीच. आणि टेक्सस, मिसुरीतल्या फेडरल कोर्टांत संघटनांनी नवीन केसेस टाकल्यात, त्यांचा मुद्दा तोच 1937 चा उलटा करून: हा कायदा टॅक्स म्हणून टिकला होता, आता टॅक्सच नाही तर नोंदणी कशाच्या आधारावर मागता.